जर-तरची करंजी

मराठी माणूस पानिपत एकदाच हरला, १४ जानेवारी १७६१ रोजी. त्यानंतर तो ते रोज जिंकतो आहे. जेवणं आटोपली, सुपारीचा डबा फिरू लागला, की बैठकीतून कोणीतरी म्हणतं, "पण समजा, विश्वासरावांना गोळी लागलीच नसती तर?" आणि बघता बघता भाऊसाहेब अंबारीतून न उतरता थेट काबूलपर्यंत जातात. आमच्या आळीतल्या एका काकांनी अशा रात्रींमधून अर्धा आशिया खंड मोकळा करून दिला होता. कंदाहारच्या सुभेदारीवर मात्र ते न चुकता आपल्याच पोटशाखेचा माणूस नेमत. त्या बाबतीत तडजोड नाही. इंग्रजांना एकदाचं कलकत्त्याच्या धक्क्यावरून बोटीत बसवून दिलं, की काका माजघराकडे तोंड करून आवाज टाकायचे, "अगं, घोटभर चहा मिळेल का?"

हा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. आसामातले चहाचे मळे लावले कंपनी सरकारनं, तेही एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. कंपनीला त्याआधीच बोटीत बसवलं, तर काकूंनी आधण ठेवायचं ते कशासाठी? मिरचीची चिंता नाही. ती पोर्तुगीजांनी आधीच आणून ठेवली होती. ठेचा, मिसळ वगैरे राष्ट्रीय महत्त्वाच्या बाबी शाबूत राहतात. पण चहा गेला. अटकेपार झेंडा लावून आल्यावर माणूस संध्याकाळी पाच वाजता काय पितो, याचा विचार काकांनी कधी केला नाही. आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. काकांबद्दल नव्हे हो, एका अख्ख्या साहित्यप्रकाराबद्दल.

इंग्रजीत या प्रकाराला 'ऑल्टरनेट हिस्टरी' म्हणतात. आपण जर-तरचा इतिहास म्हणू. हिटलर जिंकला असता तर, नेपोलियन हरलाच नसता तर, ल्यूथरनं पोपशी भांडण केलं नसतं तर, अशा कादंबऱ्यांचं एक मोठं गोकुळ तिकडे नांदतं आहे. त्यांची परीक्षणं लिहिणारे लोक फार कडक असतात. तोफा वेळेवर पोचल्या असत्या का, रसद पुरली असती का, अमुक सेनापतीला तमुक साली पडसं झालं होतं ते लेखकानं लक्षात घेतलं आहे का, हे सगळं ते तपासतात. तपासोत बापडे. मी या पुस्तकांत वेगळंच काहीतरी शोधतो. त्याला शास्त्रीय नाव काय आहे कोण जाणे; मी त्याला मुरड म्हणतो.

म्हणजे करंजीची मुरड. दिवाळीत शेजारपाजारची फराळाची ताटं यायची, तेव्हा माझी एक आत्या ताटावरचा रुमाल उचलून नुसत्या नजरेनं सांगायची, "ही वरच्या मजल्यावरच्या वहिनींची. ही त्यांच्या सुनेची, अजून हात बसायचाय. आणि ही कातण्यानं कापलेली, म्हणजे घाईची." सारणात काही फार फरक नसतो. तेच खोबरं, तीच खसखस, तीच वेलची. पण कडा दुमडत दुमडत जी मुरड घालतात, ती एकीची दुसरीसारखी येत नाही. गंमत म्हणजे कोणी ती सही म्हणून घालत नाही. करंजी तळताना फुटू नये, सारण तेलात सांडू नये, म्हणून घालायची ती मुरड. बोट जसं वळतं तशी ती पडते, आणि मग त्यावरून बाई ओळखू येते.

जर-तरच्या इतिहासाचंही तसंच आहे. सारण सगळ्यांचं एकच: कोण जिंकलं, कोण हरलं, झेंड्याचा रंग, नाण्यावरचं तोंड. ते ग्रंथालयात बसून कोणालाही जमवता येतं. पण त्या उलट्यासुलट्या जगात लेखकाच्या स्वतःच्या घरातली, स्वतःच्या खिशातली एखादी बारीकशी वस्तू पडलेली असते, आणि माझ्या मते ते जग ती वस्तूच फुटू देत नाही. ती नसली की सारण तेलात.

या प्रकारच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी एक म्हणजे लुई जोफ्र्वा नावाच्या फ्रेंच गृहस्थाचं १८३६ सालचं. त्यात नेपोलियन मॉस्कोहून हात हलवत परत येत नाही. रशिया, इंग्लंड, आशिया असं करत करत सगळं जग घेतो. आमच्या काकांचा थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही. पण या जोफ्र्वाचं पूर्ण नाव लुई-नेपोलियन. त्याचे वडील १८०५ साली ऑस्टरलिट्झच्या लढाईत पडले, आणि त्या लढाईतल्या मृतांच्या मुलांना नेपोलियननं दत्तक घेतल्याचं जाहीर करून आपलं नाव लावायची परवानगी दिली. आता वाचा ते पुस्तक. राजकारण बाजूला राहतं. एका पोरानं दत्तक बापाच्या ताटात अख्खी पृथ्वी वाढली आहे. मध्येच एका प्रकरणात हे महाशय खवळून उठतात, आणि नेपोलियन वॉटर्लूला हरला, कुठल्याशा बेटावर कैदेत मेला, असली धादांत खोटी बखर कोणीतरी पसरवतं आहे म्हणून तिचा निषेध करतात! म्हणजे तुमचाआमचा इतिहास ही त्यांच्याकडची चहाटळकी. हा निषेध वाचून हसू येतं, आणि मग तो कोणी लिहिला हे आठवून हसू जरा आवरतं घ्यावं लागतं.

पण माझ्या आवडीची मुरड फिलिप के. डिकची. 'द मॅन इन द हाय कॅसल' ही त्याची कादंबरी १९६२ची. युद्ध जर्मनी-जपाननं जिंकलं आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोत जपान्यांचा अंमल आहे. एवढ्या मोठ्या उलथापालथीत डिक आपल्याला कुठे नेतो? जुन्या अमेरिकन चीजवस्तूंच्या दुकानात. जेत्यांना जितांच्या जुन्या वस्तू जमवायचा नाद लागलेला, आणि दुकानदार वाकून वाकून त्यांना त्या विकतो आहे. पुढे दोन कारागीर हातानं दागिने घडवायचा छोटा धंदा काढतात. चांदीची एक लहानशी पिन. तिला इतिहास नाही, ती कोणाच्या आजीची नाही, फक्त आज घडवलेली आहे. आणि एक जपानी अधिकारी बागेच्या बाकावर बसून त्या पिनेकडे टक लावून बघता बघता काही क्षण आपल्या, म्हणजे तुमच्याआमच्या सॅन फ्रान्सिस्कोत येऊन पडतो.

हे दागिने आले कुठून? त्या काळात डिक ज्या बाईंच्या घरात संसार करत होता, त्या अॅन डिक खरोखरच हातानं दागिने घडवून विकत. नवरोबांनी काही दिवस मदत केली, मग ते लिहायला पळाले. (या कामी नवऱ्यांची मदत साधारण एवढीच टिकते.) शिवाय डिकला 'यी चिंग' या चिनी शकुनग्रंथाचा नाद होता. कौल लावून तो ही कादंबरी पुढे नेत होता, आणि कादंबरीतली निम्मी पात्रंही उठल्यासुटल्या तेच करतात. कादंबरीतल्या कादंबरीचा लेखकसुद्धा तसाच लिहितो. तुम्ही म्हणाल, यात काय कौतुक? घरात होतं ते उचलून घातलं. अहो, तेच तर कौतुक! जर्मनीनं आफ्रिकेत काय केलं, मंगळावर यानं कशी धाडली, हे सगळं त्या कादंबरीत आहे, आणि पुस्तक मिटल्यावर ते पुसट होतं. पिन डोळ्यांसमोरून जात नाही. बायकोनं टेबलावर तापवून ठोकलेली चांदी त्यानं रोज बघितली होती. हिटलर त्यानं बघितला नव्हता.

इथे एक खबरदारीची सूचना. बारीक तपशील म्हणजे मुरड, असं नव्हे. काही वेळा तो नुसता मारलेला डोळा असतो. रॉबर्ट हॅरिसच्या 'फादरलँड'मध्ये (१९९२) हिटलर जिंकलेला, साल १९६४, स्थळ बर्लिन. तिथल्या वर्तमानपत्रात हॅम्बुर्गमध्ये धिंगाणा घालणाऱ्या लिव्हरपूलच्या काही इंग्रज पोरांवर टीका छापून आली आहे. झालं! बीटल्स! वाचक लगेच आपल्या मांडीवर थाप मारतो. मलाही मारावीशी वाटली. पण ती थाप आपण आपल्याच हुशारीला दिलेली असते. लेखकाचं त्यात काही गुंतलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत ओळखीच्या नटाला बघून कोपरखळी मारावी तसं. जर-तरच्या पुस्तकांत या कोपरखळ्यांची हल्ली इतकी रेलचेल असते, की पाव तासात बरगड्या दुखायला लागतात: इकडे कोणी प्रसिद्ध गायक न्हावी झालेला, तिकडे कोणी पंतप्रधान शाळेत भूगोल शिकवतो आहे. जग एवढं उलथलं, पण प्रसिद्ध माणसं मात्र न चुकता जन्माला आली! बिनप्रसिद्ध माणसांचीच काय ती वासलात लागली.

हॅरिसवर अन्याय नको. त्याच पुस्तकात पोलीस अधिकाऱ्याला आपल्या भाड्याच्या घरात, भिंतीवरच्या सुटलेल्या कागदामागे, एका कुटुंबाचा फोटो सापडतो. आधीचे भाडेकरू. ते गेले कुठे हे तो विचारत राहतो, आणि कोणी सांगत नाही. भाड्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही हा फोटो कळेल. आपल्या आधी इथे कोण राहत होतं हा प्रश्न आपल्याकडे फार तर चुन्याखालच्या खिळ्यांवरून पडतो. तिकडे त्या एका प्रश्नात अख्खं गुन्हेगार राज्य मावलं आहे. तो एक फोटो त्या पोरांच्या गाण्यांपेक्षा मोठा आवाज करतो.

किंग्जली एमिसची कोपरखळी मात्र मी माफ करतो. त्याच्या 'द ऑल्टरेशन'मध्ये (१९७६) ल्यूथर स्वतःच पोप झाला आहे, धर्मसुधारणा झालीच नाही, आणि एका गोड गळ्याच्या पोराचा आवाज फुटू नये म्हणून त्याच्यावर शस्त्रक्रिया करायचं घाटतं आहे. त्या शाळेतली पोरं रात्री चोरून जर-तरची पुस्तकं वाचतात, आणि त्यात एक फिलिप के. डिकचं असतं! दुसरं कीथ रॉबर्ट्सचं. त्याच्या खऱ्या पुस्तकाचं नाव एका जुन्या नाचावरून, 'पावान'; इथे दुसऱ्या नाचाचं नाव ठेवून दिलं आहे, 'गॅलियार्ड'. ही मित्रामित्रांतली थट्टा झाली. पण एमिस स्वतः असली पुस्तकं चवीनं वाचणारा, त्यांच्यावर १९६० साली समीक्षेचं पुस्तक लिहिणारा माणूस. पांघरुणाखाली चोरून वाचणारं ते पोर कोण आहे, हे सांगायला नको.

फिलिप रॉथनं तर कमालच केली. मुरड घालायच्या ऐवजी त्यानं अख्खी करंजीच मुरडीची केली. 'द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका' (२००४) मध्ये १९४० साली रूझवेल्ट हरतो, विमानवीर लिंडबर्ग अध्यक्ष होतो आणि अमेरिकेतल्या ज्यूंच्या पायाखालची जमीन हळूहळू सरकू लागते. हे सांगतो कोण? सात वर्षांचा फिलिप रॉथ! वडील हर्मन, विमा कंपनीत एजंट, आई बेस, भाऊ सँडी, घर नेवार्क शहरातल्या समिट अॅव्हेन्यूवर. सगळं खरंखुरं, लेखकाच्या बालपणातून जसंच्या तसं. कोणी म्हणेल, काय हा आत्मप्रौढीचा सोस, जगाचा इतिहास बदलायचा आणि मध्यभागी आपलं बिऱ्हाड थाटायचं! मला तसं वाटत नाही. भीतीला पत्ता लागतो. 'ज्यू समाजात घबराट पसरली' हे वाक्य वर्तमानपत्रात येतं आणि आपण पान उलटून हवामान बघतो. रॉथ काय करतो? त्या पोराला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे. त्याला स्वप्न पडतं, की आपल्या वहीतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या तिकिटांवर, त्या दऱ्यांवर आणि झाडांवर, काळं स्वस्तिक छापलं गेलं आहे, आणि वॉशिंग्टनच्या जागी हिटलरचं तोंड आलं आहे. लिंडबर्गचं एकही भाषण एवढं भिववत नाही. तिकिटं जमवलेल्या माणसाला विचारा, एका तिकिटाचा एक दात तुटला तर तो रात्री जेवत नाही. पुढे ती वही हरवतेच. देश वाचतो, तिकिटं परत येत नाहीत.

आता आपल्या घरचा माल. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट. सही लपवण्याच्या आणि दाखवण्याच्या कामात या लेखकाचा हात आधीपासून बसलेला होता. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली गोष्ट पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. जयंत विष्णू नारळीकरांची आद्याक्षरं उलटी वाचा! खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्यांचा पत्ता लपवता येतो, पण आद्याक्षरांचा मोह सुटत नाही.

गंगाधरपंतांची गोष्ट इंग्रजी अवतारात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात जाऊन बसली, आणि माझ्या भाच्यामुळे ती मला पुन्हा वाचावी लागली. गंगाधरपंत गायतोंडे इतिहासाचे प्राध्यापक. अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पडतात, जिथे विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी तिळाएवढ्या अंतरानं निघून गेली आणि मराठे जिंकले. मुंबईत मात्र कंपनी सरकार अजून आहे, आगगाडीच्या डब्यावर युनियन जॅक आहे. (म्हणजे चहा वाचला! शास्त्रज्ञ तो शास्त्रज्ञ.)

पंत फोर्टात एका कंपनीच्या कचेरीत जाऊन आपल्या मुलाची चौकशी करतात. मुलगा तिथे कामाला असायला हवा. स्वागतकक्षातली बाई यादी बघून सांगते, या नावाचं इथे कोणी नाही.

पानिपत जिंकलं, पण मुलगा नाही. एवढी किंमत आमच्या काकांनी कधी मोजून बघितली होती का? दोनशे वर्षांपूर्वी एक गोळी इकडची तिकडे झाली, तर नंतरची किती लग्नं इकडची तिकडे! कंदाहारचा सुभेदार राहू द्या, सुपारी कातरणारे काका तरी त्या जगात असते का? माझ्या मते सबंध गोष्टीतलं हे सगळ्यात भयंकर वाक्य आहे, आणि नारळीकर तिथे पुरेसे थांबत नाहीत. पंत जरा चरकतात, स्वतःची समजूत घालतात आणि तडक टाऊन हॉलच्या वाचनालयाकडे वळतात. तिथे जाऊन मागवतात काय? इतिहासाची पुस्तकं, आणि त्यांत स्वतःचे पाचही खंड!

मी हे घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. "अहो, हे काय!" आमची ही म्हणाली, "मुलगा सापडत नाही आणि हे पुस्तक वाचत बसले? मी त्या बाईच्या टेबलासमोरून हलले नसते." समीक्षक म्हणून माझा आक्षेप तिनं एका वाक्यात उरकला. तो आक्षेप मी कायम ठेवतो. तरीपण पंत ज्या टेबलाशी जाऊन बसले, ते टेबल मात्र अस्सल आहे. संकटात सापडलेला प्राध्यापक दुसरं कुठे जाणार? बायको देवापुढे दिवा लावते, हा संदर्भ तपासतो. आणि आपले खंड या जगातही आहेत का, हे आधी बघतो! पहिले चार खंड शब्दशः तेच, आणि पाचव्यात कुठेतरी इतिहासाला फाटा फुटलेला. तो फाटा शोधताना पंत मुलगा विसरतात, भूक विसरतात. असं विसरणं बाहेरून बघून लिहिता येत नाही. शेवटी हे सगळं समजावून सांगायला लेखक पदार्थविज्ञानवाला मित्रही देतो. तो बोलायला लागला की गोष्टीचा वर्ग होतो, पण तोही घरचाच माणूस.

भाच्याला यातलं काय शिकवलं म्हणाल, तर त्या मित्राचं व्याख्यान. "मामा, कॅटास्ट्रॉफी थिअरी चार मार्कांना येते. मुलाचं कधी आलेलं नाही," त्यानं मला बजावलं.

आणि त्या गोष्टीतली खुर्ची. पंतांनी ९९९ सभांचं अध्यक्षपद भूषवलेलं असतं. हजारावं व्हायचं असतं. त्या दुसऱ्या जगात आझाद मैदानावर व्याख्यान चाललेलं दिसतं, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी! पंत लोहचुंबकाकडे टाचणी जावी तसे जाऊन बसतात. पण त्या जगात अध्यक्ष ही संस्थाच उरलेली नाही. खुर्ची केवळ प्रतीक म्हणून मांडलेली आहे. लोक आरडाओरडा करतात, मग टोमॅटो आणि अंडी. इंग्रजी वाचकाला हे विचित्र वाटत असेल. मराठी वाचकाला पानिपतच्या निकालापेक्षा हा फरक जास्त धक्कादायक आहे. मराठे दिल्लीचे मालक होतात हे समजू शकतं, पण सभेला अध्यक्ष नाही? हारतुरे कोणाला घालायचे? 'माझ्या आधीच्या वक्त्यांनी' असं कोणी म्हणायचं? जर-तरच्या साहित्यात कुठल्याही फ्रेंच-इंग्रज-अमेरिकन माणसाला ही खुर्ची सुचली नसती. इथल्या सभांतून, हार गळ्यात घालून, घड्याळाकडे चोरून बघत बसलेल्या माणसालाच ती सुचू शकते.

पुढे २०२१ साली नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याचे अध्यक्ष म्हणून जयंत नारळीकरांची निवड झाली. प्रकृतीच्या कारणानं ते संमेलनाला प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या संमेलनाला अध्यक्ष होते, पण ते व्यासपीठावर नव्हते. आपल्याकडे त्याबद्दल हळहळ झाली, ते बरोबरच होतं. गंगाधरपंतांच्या त्या दुसऱ्या जगात मात्र हे अगदी रीतसर झालं असतं.